सेवेसह ज्येष्ठ निवास: साताऱ्यात वीस गुंठ्यांवर काय बांधावं, कसं चालवावं?

माहुली_संगम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोडोलीच्या बाजूला एका न्यासाची २० गुंठे जागा आहे. तिच्यावर ज्येष्ठांसाठी ३६ घरं बांधायचा विचार चालू आहे. वृद्धाश्रम नको, डोंगराकडेची बंगल्यांची स्कीमही नको. प्रत्येकाला आपलं दार, आपलं कुलूप, आपला चहाचा ओटा हवा. शिवाय दोन वेळचं जेवण, झाडूपोछा, रात्री-अपरात्री हाकेला येणारं माणूस आणि डॉक्टरची ठरलेली फेरी.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी निवासाची तरतूद आहे. ती निराधारांसाठी. दुसऱ्या टोकाला पुण्यातले मोठे प्रकल्प. निवृत्त शिक्षिका, एसटीतला कंडक्टर, साखर कारखान्यातला क्लार्क, मुलं पुण्या-बंगळुरात, या मधल्या माणसाने कुठे जावं? या वर्गाचा विचार करून सांगा:

जागा गावात की गावाबाहेर? घर विकत द्यावं, अनामत घेऊन द्यावं की भाड्याने? आणि राहणारा अंथरुणाला खिळला की काय करायचं?

सातारा-सांगली-कऱ्हाडकडच्या जाणकारांनी आकड्यांत बोलावं ही विनंती.

---

जरंडा

चांगला धागा. वाचनखूण साठवली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवा. बाकीचे दोन त्याच्या मागून सुटतील.

---

गवंडीकाम

बांधकामाचं सांगतो.

महारेराने (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाने) मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली आहे. एका मजल्यापेक्षा उंच इमारतीला लिफ्ट हवीच. मुख्य दाराची मोकळी रुंदी निदान ९०० मिमी, जिना निदान १५०० मिमी रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. संडास-बाथरूमला आधाराच्या दांड्या आणि बाहेर उघडणारी दारं. कागदावर हे सगळे लिहितात. चुकतं ते साइटवर, आणि सर्वांत जास्त बाथरूममध्ये.

आपल्याकडे बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली ठेवायची आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी टाकून उंबरा करायचा, ही गवंड्याच्या हाताची सवय आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून. त्याच पट्टीला वॉकरचा पाय अडतो. उंबरा १२ मिमीच्या वर नको, तोही उतरत्या कडेचा. मग पाणी कसं अडवायचं? दाराच्या आतल्या अंगाला पूर्ण रुंदीची जाळीची पन्हळ घ्या आणि फरशीला त्या बाजूला साधारण ८० ला १ उतार द्या. हा निर्णय स्लॅब टाकायच्या आधी झाला पाहिजे, कारण त्या जागी स्लॅब तेवढी खाली घ्यावी लागते. नंतर जमत नाही.

दार बाहेर उघडणारं का? माणूस आत पडला तर कधीकधी दारालाच टेकून पडतो. दार आत उघडणारं असेल तर त्याच्याच वजनाने ते अडकतं. कडीसुद्धा बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घ्या. साधी आतली कडी बसवली की वरचं सगळं वाया गेलं.

कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिमी. बाजारातले बरेच कमोड ४०० च्या आसपास असतात, गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठता येत नाही. भिंतीला टांगलेला कमोड घेतला तर उंची आपल्या हातात राहते, शिवाय खालची फरशी पुसता येते.

---

शाहूपुरी_७७

दांड्या नंतर बसवल्या तर चालतील ना? सगळ्यांना पहिल्या दिवसापासून लागत नाहीत. दवाखान्यासारखं दिसतं म्हणून लोक नको म्हणतात.

---

गवंडीकाम

@शाहूपुरी_७७, दांडी नंतर बसवा, पण भिंत आत्ताच तयार ठेवा. हल्ली आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या (हवेचे बुडबुडे भरलेल्या काँक्रीटच्या) असतात, वजनाला हलक्या आणि सच्छिद्र. त्यात साधा रावल प्लग ठोकून दांडी बसवली की हाताने ओढून बघताना पक्की वाटते. पण ७० किलोचा माणूस तोल जाऊन लटकला की प्लग भुगा घेऊन बाहेर येतो. म्हणून कमोड आणि शॉवरच्या भिंतीत ६५० ते ९५० मिमी उंचीच्या पट्ट्यात काँक्रीटची पट्टी ओता किंवा तेवढा भाग भाजक्या विटेत घ्या. टाइल लावण्याआधी फोटो काढून घराच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी ड्रिल कुठे मारायचं ते कळेल. दांडी ३८-४० मिमी जाडीची, भिंतीपासून तितकंच अंतर. टॉवेल अडकवायच्या नळीला आधाराची दांडी समजू नका, पाय घसरल्यावर माणसाचा हात आधी तिच्याकडेच जातो.

आणखी एक. साताऱ्यात सोलर वॉटर हीटर सगळीकडे आहेत. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ७० अंशांवर जातं. म्हातारपणी कातडी पातळ, चटका उशिरा कळतो. प्रत्येक बाथरूमला तापमान मर्यादेत ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, पाणी ४० ते ४३ अंशांवर येईल असा. बोअरच्या जड पाण्याने त्या व्हॉल्व्हमध्ये क्षार साठतात, म्हणून आधी जाळी बसवा आणि सहा महिन्यांनी साफ करा. हे काम देखभालीच्या करारात नावानिशी लिहा, नाहीतर कोणी करत नाही.

---

सायली_वाई

जागेबद्दल वेगळं मत. धागाकर्त्यांनी डोंगराकडची स्कीम एका वाक्यात निकालात काढली, पण वाई-पाचगणीची हवा, शांतता, बागेला जागा यालाही किंमत आहे. गावात हॉर्न आणि धूळ. आयुष्यभर गर्दीत काढलेल्यांना उतारवयात मोकळं हवंसं वाटतं, त्यांची हौस चुकीची कशी?

---

जरंडा

सायलीताई, हौस चुकीची नाहीच. पण वयाच्या ६५ व्या वर्षी निवडलेली जागा ८२ व्या वर्षी कशी वाटेल, तेही बघा. घाटमाथ्याकडे जून ते सप्टेंबर धुकं, शेवाळलेल्या फरशा, न वाळणारे कपडे, दमेकऱ्यांचे हाल. वीज गेली की तासन्‌तास येत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना शेवटची एसटी गाठायची असते, त्यामुळे संध्याकाळची पाळी भरत नाही. गावात पोवई नाक्यापर्यंत रिक्षाने दहा मिनिटांत जाता येईल अशी जागा असेल तर डॉक्टर, औषधाचं दुकान, बँक, देऊळ, मंडई सगळं हाताशी. मुख्य म्हणजे जुन्या ओळखीचे लोक भेटायला येतात. लांबच्या ठिकाणी पहिले सहा महिने पाहुणे येतात, पुढे दिवाळीला.

---

सायली_वाई

पाळीचा मुद्दा पटला. मग निदान बागेसाठी जागा सोडा. जमिनीत नको, कमरेच्या उंचीचे वाफे बांधा, म्हणजे वाकावं लागणार नाही. ७५० मिमी उंच, एका बाजूने हात पोचणार असेल तर ६०० मिमीपेक्षा रुंद नको.

---

हरिपूर_घाट

सांगलीकडून सूचना. सांगली-हरिपूर पट्ट्यात कोणी असा प्रकल्प करणार असेल तर आधी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण कृष्णा त्या हिशोबात वागत नाही. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ ला आणि २०२१ ला पाणी धोक्याच्या बरंच वर होतं, २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं.

लोक म्हणतात, खाली पार्किंग ठेवू, वर घरं. तब्येतीने धडधाकट माणसांना ते चालतं. ज्येष्ठांच्या इमारतीत लिफ्टचा खड्डा भरला की लिफ्ट बंद, तळाशी असलेलं वीजपॅनेल आणि जनरेटर बंद, पंप बंद. म्हणजे वरच्या मजल्यावर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला माणूस विजेविना. पाठीवर उचलून होडीत बसवायचं, तेही ८० वर्षांच्या माणसाला. इन्सुलिन फ्रीजमध्ये, फ्रीज बंद.

म्हणून सांगलीकरांनी विश्रामबागच्या वरचा भाग किंवा मिरज बघावं. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्यांच्याभोवती दवाखाने, लॅब, फिजिओ, नर्सिंगची मुलं-मुली असं सगळं गाव उभं राहिलं. सेवेसाठी माणसं मिळणं, या एका निकषावर मिरज साताऱ्यापेक्षा सरस आहे.

---

कराडकर_बाळ

+१. आणि कऱ्हाडलाही वैद्यकीय महाविद्यालय असल्याने तीच सोय आहे, हे आमचं आपलं टुमणं. :)

---

खतावणी

आता पैसे. इमारत एकदाच बांधायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. बहुतेक योजना इथे घसरतात.

एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे आठवड्याला १६८ तास. एक माणूस कायद्याने ४८ तास काम करतो. १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, सणवार धरले की चार ते साडेचार. 'तीन पाळ्या म्हणून तीन माणसं' असं ज्याच्या प्रस्तावात लिहिलंय, त्याने साप्ताहिक सुट्टी धरलेलीच नाही.

३६ घरांना चोवीस तास दोन मदतनीस हवेत. एकच ठेवला तर तो एका घरात अडकला असताना दुसरी घंटा वाजली की कोण जाणार? दोन जागा म्हणजे ९ माणसं. पगार हिशोबापुरता १५,००० धरू. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासन शुल्कासह १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के. एका माणसाचा खर्च साधारण १८,७००. नऊ जणांचे १,६८,००० च्या आसपास.

३६ घरं भरलेली असतील तर घरटी सुमारे ४,७००.
२० च भरली तर ८,४००.
१२ घरांचीच योजना असेल तर १४,०००.

यात ग्रॅच्युइटी नाही, स्वयंपाकघर नाही, वॉचमन, सफाई, वीज, लिफ्टची देखभाल, काहीच नाही. नुसते दोन मदतनीस.

यातून दोन गोष्टी निघतात. १० ते १५ घरांची 'छोटी, घरगुती' योजना ऐकायला गोड, पण चोवीस तासांची सेवा तिला झेपत नाही. तिने शेजारच्या एखाद्या नर्सिंग होमशी रात्रीचा करार करावा. दुसरं, सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरं हळूहळू भरतात, तोवरची तूट कोण सोसणार ते बांधकामाआधी ठरवा. त्यासाठी निदान १८ महिन्यांच्या पगाराइतका निधी वेगळा ठेवा. तो नसला की पहिल्यांदा रात्रपाळीचा दुसरा माणूस कमी होतो, मग फिजिओची फेरी, मग भाजी.

---

शाहूपुरी_७७

@खतावणी, जेवण वगैरे सगळं धरून महिना १८,००० त बसेल का? ज्येष्ठ बचत योजनेत ३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिना २०,५०० येतात. त्यात भागेल अशी रचना करा म्हणजे मधल्या वर्गाला परवडेल.

---

खतावणी

आज भागेल. पण व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार आणि सेवेचा खर्च दरवर्षी वाढणार. ८ टक्के वाढ धरली तर १८,००० चे नऊ वर्षांत ३६,००० होतात. निवृत्त शिक्षकांना महागाई भत्ता मिळतो. कारखान्यातल्या किंवा एमआयडीसीतल्या माणसाची ईपीएस-९५ ची (पीएफबरोबर मिळणारी) पेन्शन वाढत नाही, तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. त्यामुळे वाढीचं सूत्र करारात आकड्यात लिहा: किमान वेतन जितकं वाढेल तितकाच सेवाशुल्काचा पगाराचा भाग वाढेल, किराण्याचा भाग प्रत्यक्ष खर्चाने, आणि हिशोब दर तिमाहीला फलकावर. 'व्यवस्थापन वेळोवेळी ठरवील' असं वाक्य दिसलं तर सही करू नका.

जीएसटीचं ध्यानात ठेवा. आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने ६० वर्षांवरच्या रहिवाशांसाठी चालवलेल्या निवासाला दरमहा माणशी २५,००० पर्यंत करमाफी आहे, पण राहणं, जेवण, देखभाल मिळून एकत्र रक्कम असली पाहिजे. तुमची जागा न्यासाची आहे, तेव्हा पावत्यांची रचना सीएला आधी दाखवा.

---

दस्तनोंदणी

आता दुसरा प्रश्न, विकत की अनामत.

मालकीने दिलं तर राहणाऱ्याला सुरक्षित वाटतं. ८ पेक्षा जास्त घरं आणि ५०० चौमीपेक्षा मोठा भूखंड असं दोन्ही असलं की रेरा नोंदणी लागते, घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ५ वर्षं बिल्डरवर. गोम पुढे आहे. राहणारे गेले की घर वारसाकडे जातं. वारस ४० वर्षांचा, त्याला तिथे राहायचं नाही, तो भाडेकरू ठेवतो किंवा कुलूप लावून बसतो. वीस वर्षांत निम्मी घरं बंद आणि सेवाशुल्क उरलेल्यांच्या डोक्यावर. सोसायटी झाली असेल तर भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. त्यामुळे मालकीची योजना असेल तर 'राहणारा ६० च्या वर असेल', 'घर बंद असलं तरी पगाराचा वाटा द्यावा लागेल' या अटी विक्रीकरारात आणि घोषणापत्रात पहिल्या दिवसापासून हव्यात. केंद्राच्या २०१९ च्या नमुना मार्गदर्शक सूचनांत बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा असा तिघांचा करार सुचवलाय, तो घ्याच. बिल्डर ताबा देऊन निघून गेल्यावर सेवेचं उत्तरदायित्व कोणाकडे, हे त्याच कागदावर ठरतं.

अनामतीची योजना न्यासाला सोपी वाटते. १० लाख अनामत, महिना २०,०००. पण राहणाऱ्याच्या बाजूने बघा, ती अनामत म्हणजे विनातारण दिलेलं कर्ज. संस्थेने तेच पैसे बांधकामात घातले असतील तर एका वर्षात पाच जण सोडून गेल्यावर ५० लाख कुठून आणणार? नव्या माणसाच्या अनामतीतून जुन्याला परत, असा फेरा सुरू होतो, आणि घर रिकामं राहिलं की तो थांबतो. अनामत घ्यायचीच तर तिचा निम्मा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, लेखापरीक्षकाचा दाखला दरवर्षी फलकावर. आणि दस्त नोंदवा. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक फारसा पडत नाही: ६० महिन्यांना २०,००० प्रमाणे १२ लाख, १० लाख अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून ५ लाख, बेरीज १७ लाखांच्या ०.२५ टक्के म्हणजे ४,२५० रुपये. एवढ्यासाठी किरकोळ स्टँपवर सह्या करून लोक लाखो रुपये देतात.

---

वकीलवाडा

याला जोडून एक विषयांतर, पण कामाचं. घर विकून इथे येणारे आधी गावचं घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकतात. महाराष्ट्रात मुलाला किंवा नातवाला राहतं घर देताना मुद्रांक फक्त २०० रुपये असल्याने चटकन केलं जातं. पुढे मुलाने सेवाशुल्क देणं बंद केलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३, म्हणजे असं बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची तरतूद, आठवतं. ते कलम लागू व्हायला 'सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं' हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अटीचा आग्रह धरला, जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला. निकालांच्या भरवशावर राहू नका, अट बक्षीसपत्रातच लिहा आणि रकमेसह लिहा: 'ज्येष्ठ निवासाचं दरमहा शुल्क देणगीग्रहीता भरेल.' निर्वाह भत्त्याचा अर्ज प्रांताकडच्या न्यायाधिकरणात करायचा, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित.

---

निशाचर_सिस्टर

एवढी चर्चा झाली आणि तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. जरंडा म्हणाले तेच खरं, ते पहिलं.

बऱ्याच योजनांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं: 'स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी.' म्हणजे खुब्याचं हाड मोडलं, पक्षाघात झाला किंवा स्मृतिभ्रंश झाला की घर सोडा. ज्या दिवसासाठी माणूस इथे येतो, त्याच दिवशी बाहेर. हे करायचं नसेल तर अवस्था लिहून काढाव्या लागतात.

पहिली, हिंडताफिरता: जेवण, सफाई, घंटा. दुसरी, दिवसातून तास-दोन तास मदत: आंघोळ, औषधं, चालवणं. तिसरी, दोन माणसांची मदत लागणारा किंवा अंथरुणावरचा: दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, नळीने आहार. प्रत्येक अवस्थेचं शुल्क वेगळं आणि आधीच जाहीर. अवस्था बदलली हे कोण ठरवणार, तेही: बाहेरचा डॉक्टर, संस्थेचा नव्हे. तीन महिन्यांनी फेरतपासणी, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर बरेच जण पुन्हा चालू लागतात.

तिसऱ्या अवस्थेसाठी तळमजल्यावर ६ खाटांची खोली ठेवा. खाटेच्या तिन्ही बाजूंनी ९०० मिमी मोकळं, वर-खाली होणारी खाट, हवेची गादी. कूस बदलण्याची नोंदवही खाटेला बांधून. पडून राहून होणारी जखम सुरू होते ती कंबरेच्या माकडहाडापाशी आणि टाचेला. टाच लाल दिसली, बोटाने दाबून लाली गेली नाही की समजा सुरुवात झाली. त्या दिवशी पकडली तर ती आवरता येते, आठवड्याने पकडली तर महिनोन्‌महिने.

पती-पत्नीतलं एक खोलीत आणि एक घरात असेल तर घराचं पूर्ण शुल्क आणि खोलीचं पूर्ण शुल्क असं दुहेरी लावू नका. एवढी एक अट लिहा, माणसं तुमच्यावर विश्वास टाकतील.

---

जरंडा

सिस्टर, शेवटच्या ओळीसाठी मनापासून आभार.

---

परदेशस्थ_कोरेगाव

बाहेरच्या देशांतलं थोडं सांगतो. सिंगापूरने फेब्रुवारी २०२१ मध्ये बुकित बातोक इथे सरकारी 'कम्युनिटी केअर' घरं काढली. ३२ चौमीचं घर, ६५ वर्षांवरच्यांना, १५ ते ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वयाची ९५ वर्षं झाकली जातील इतका पट्टा घ्यायचा. मूळ सेवेचं पॅकेज घराबरोबर सक्तीचं. घर पुढे विकता येत नाही, सोडलं तर उरलेल्या वर्षांची किंमत परत मिळते. दस्तनोंदणी यांनी सांगितलेले दोन्ही धोके, वारसाचं कुलूप आणि बुडणारी अनामत, यात टळतात. न्यासाला अशी पट्ट्याची रचना बघता येईल.

जपानने २०११ पासून सेवा जोडलेल्या घरांची नोंदणी सुरू केली. खोली साधारणपणे २५ चौमी, सामायिक जेवणघर वगैरे पुरेसं असेल तर १८. किमान सक्ती दोनच गोष्टींची: रोज माणूस सुखरूप आहे याची खातरजमा, आणि अडचणीला सल्ला. बाकीची सेवा ज्याला हवी तो घेतो.

इंग्लंडमध्ये ज्येष्ठांच्या अशा घरांत मदतीला बोलवायची, ओढायची दोरी असते. तिथली नेहमीची चूक इथे टाळा: फरशी पुसताना दोरी आड येते म्हणून सफाईवाले ती गाठ मारून वर बांधून ठेवतात. माणूस पडल्यावर जमिनीवरून तिच्यापर्यंत हात पोचत नाही. दोरीचं टोक फरशीपासून १०० मिमीवर लटकलं पाहिजे.

---

कराडकर_बाळ

सिंगापूर सरकार आणि आपला न्यास यात फरक आहे हो. पट्ट्याची उरलेली किंमत परत द्यायला सरकारकडे तिजोरी आहे. शिवाय न्यासाची जमीन दीर्घ पट्ट्याने द्यायला किंवा न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, न्यासांच्या राज्य कायद्याचं कलम ३६ आणि ३६अ. तो वेळ धरा.

---

परदेशस्थ_कोरेगाव

बरोबर. म्हणून परताव्याचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा, हे गृहीत धरूनच म्हटलं.

---

तारयंत्र

घंटेबद्दल पुढे. वायफायवर चालणारी घंटा घेतात, राउटर इन्व्हर्टरवर नसतो, वीज गेली की घंटा मुकी. वायरची घंटा घ्या, तिच्या पॅनेलला स्वतःची बॅटरी, आणि बाहेर फोन जाण्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. घंटा बंद करण्याचं बटण घरातच हवं, ऑफिसात नको. म्हणजे माणूस प्रत्यक्ष गेल्याशिवाय ती बंद होणार नाही आणि किती मिनिटांत गेला याची नोंद आपोआप राहील. दर सोमवारी प्रत्येक घरातून वाजवून बघा.

लिफ्ट: आठ जणांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही, आत खोली १४०० मिमीच्या आसपास असते. २१०० मिमी खोलीची १३ जणांची घ्या. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं उपकरण तिला हवंच.

---

मंडई_ताई

स्वयंपाकघराबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. दोन वेळचं जेवण म्हणजे रोजचं मतदान. तिथे रुसवे झाले की बाकीची सेवा कितीही चांगली असो, लोक नावं ठेवणार.

आपल्याकडच्या माणसाला रात्री भाकरी लागते. ४५ जणांना दीड धरली तरी ६५-७० भाकऱ्या, त्याही तव्यावरून ताटात गेल्या तर मऊ. दोन तास आधी थापल्या की कडक, कवळीला चावत नाहीत. म्हणून पंगत दोन टप्प्यांत, साडेसहा आणि सव्वासात. भाजी एकच करा, कमी मिठाची, तिखट-मीठ वरून घेता येईल. वेगळा 'पथ्याचा डबा' केला की माणसाला आपण आजारी आहोत असं रोज वाटतं. गिळायला त्रास होणाऱ्यांना पातळ वरण-पाण्याचा ठसका लागतो, त्यांना दाटसर द्या आणि ताठ बसवून द्या. हरभऱ्याच्या घुगऱ्या, चुरमुरे त्यांच्या ताटात नको.

आणि आठवड्यातून एक दिवस राहणाऱ्यांनाच ओट्यापाशी येऊ द्या. थालीपीठ थापायला हात आपोआप चालतात.

---

शाहूपुरी_७७

ताई, भाकरी तेवढी माझ्या यादीत पहिली. :)

---

माहुली_संगम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून आराखडा बदलला, तपासून सांगा.

२० गुंठे म्हणजे साधारण २,०२० चौमी. ३६ घरं, प्रत्येकी ४५ चौमी, म्हणजे १,६२०. जिने, ओसरी, लिफ्टसाठी ३५ टक्के धरून २,१९० च्या आसपास. जेवणघर, दवाखान्याची खोली आणि सिस्टरांनी सांगितलेली ६ खाटांची खोली मिळून ३००. एकूण अडीच हजार चौमी, तळमजला आणि वर दोन मजले. जमिनीवर साडेआठशे चौमी व्यापतील, उरलेल्यात बाग, वाफे आणि गाड्या. जोतं दोन फूट धरलं होतं, पण १२ ला १ उताराने ६०० मिमीला ७.२ मीटरचा रॅम्प होतो. जागा चढावर नाही, पाणी साचत नाही, म्हणून ते ३०० मिमीवर आणतो, रॅम्प ३.६ मीटरचा.

मालकी नको. पाच-पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, नूतनीकरणाचा हक्क राहणाऱ्याकडे, अनामत सहा महिन्यांच्या शुल्काइतकीच. बांधकामाचा पैसा देणग्या आणि आयुक्तांच्या परवानगीने कर्ज. अठरा महिन्यांचा पगारनिधी जमल्याशिवाय पाया खोदायचा नाही.

एक अडलंय. तळमजल्यावर ६ खाटांची खोली आणि जेवणघर गेल्यावर घरं आठच बसतात. ती कोणाला द्यायची? आधी येणारा तळमजलाच मागणार.

---

निशाचर_सिस्टर

तळमजला कोणालाही कायमचा देऊ नका. घराचा क्रमांक करारात न लिहिता 'योजनेतलं एक घर' असं लिहा, आणि दुसऱ्या अवस्थेत गेलेल्याला खाली यायचा पहिला हक्क ठेवा. सगळ्या घरांची मांडणी हुबेहूब सारखी बांधा, पलंगाची भिंत, दिव्याचं बटण, बाथरूमचं दार सगळं त्याच जागी. म्हणजे घर बदललं तरी रात्री उठल्यावर हात बरोबर बटणावर जाईल.

---

गवंडीकाम

मग आरशातल्यासारखी जोडघरं काढू नका. प्लंबिंगचा खर्च वाचवायला आर्किटेक्ट शेजारशेजारची घरं उलटसुलट करतो, एकाचं बाथरूम डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. इथे सगळी एकाच हाताची घ्या. नळांच्या शाफ्ट दुप्पट होतील, तेवढा खर्च अंदाजपत्रकात धरा.

---

माहुली_संगम (धागाकर्ता)

हे लक्षातच आलं नव्हतं. नकाशा परत पाठवतो.